मृत्यू : एक

अंधेरीच्या ऑफिसात माझं काम एवढंच: एआयच्या मागे धावणाऱ्या पैशाला वाट दाखवायची. चिपच्या मागे सगळं जग लागलंय, ते सोडा. मी म्हणते, खाली उतरा. एआय चालतं डेटा सेंटरवर, डेटा सेंटर चालतं विजेवर, आणि वीज म्हटली की ट्रान्सफॉर्मर आलाच. साहेब खूश. "झकास! ह्यातली बेस्ट कंपनी काढ."

काढली. पण मला एक खोड आहे. वार्षिक अहवाल हातात आला की लोक नफा बघतात, मी आधी सुरक्षेचं पान उघडते. वर्षभरात किती माणसं कामावर मेली, तो आकडा तिथे असतो. माझे बाबा भांडुपला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायचे. बारावीत मी कॉम्प्युटर क्लाससाठी हट्ट धरला, फीसाठी त्यांनी ओव्हरटाइम घेतला, आणि टेस्टिंगच्या वेळी शॉक लागून गेले. तेव्हा असलं पान नसायचंच. आजही रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची घूं घूं ऐकू आली की मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. लोक हसतात. हसू देत.

ह्या कंपनीच्या पानावर तो आकडा होता. कंत्राटी कामगार, मृत्यू : एक. मी पान उलटलं. पुढे ऑर्डरी तुडुंब होत्या, कर्ज शून्य. सकाळच्या मीटिंगमध्ये तिला पहिला नंबर दिला, टाळ्या पडल्या.

संध्याकाळी तोच अहवाल घेऊन मुलुंडला आईकडे गेले. बाबांच्या भरपाईचे पैसे तिने इतकी वर्षं बँकेत तसेच ठेवलेत, हात लावत नाही. म्हटलं, "आई, आता ह्यांच्या शेअरमध्ये घाल. ह्याच्याहून चांगलं मला तरी माहीत नाही."

आईला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. चष्मा लावून ती पानं चाळत बसली आणि नेमकी तिथेच थांबली.

"सगळी शून्यां, आणि हो एक कसलो गो?"

खोटं बोलता आलं असतं. जमलं नाही. "माणूस आहे, आई. कामावर मेलेला."

"नाव?"

"नाव देत नाहीत."

"तू बघितलेलंस?"

"हो."

तिने अहवाल मिटून माझ्या मांडीवर ठेवला. "पैसे रवांदेत थयच, बँकेत," म्हणाली, आणि कुकर लावायला उठली. वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या एकाने ओव्हरटाइम कोणाच्या फीसाठी घेतला असेल, देव जाणे. आणि मी सकाळी पहिला नंबर देऊन आले होते.