सेन्याची सरासरी

सेन्या कांगास ही मुलगी लाहटी सरांच्या पहिल्यांदा लक्षात आली ती एका उत्तरामुळे. क्विंबी नावाच्या लहानशा गावातल्या शाळेत अकरावीचा रसायनशास्त्राचा तास चालला होता. फेब्रुवारी होता, बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलं होतं. सरांनी तिसऱ्या बाकावरच्या मुलीला काहीतरी विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मी ऐकत नव्हते, सर."

"मग काय करत होतीस?"

तिने खरोखरच विचार केला. "काहीच नाही," ती म्हणाली.

वर्ग खो खो हसला. पण मुलगी उर्मट नव्हती, आणि गंमतही करत नव्हती. इतक्या वर्षांत सरांनी नाना तऱ्हेच्या थापा ऐकल्या होत्या. कुणाची वही कुत्र्याने खाल्लेली असे, कुणाची आजोबांच्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, भिजून लगदा झालेली असे. विचारल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारी ही पहिलीच.

त्या वर्षी सरांचा हा वर्ग कॉलेजचा विषय म्हणूनही धरला जात होता. फॉर्मवर एका चौकोनात खूण केली की चार क्रेडिट आपसूक कॉलेजच्या खात्यात. "खूण करा रे सगळ्यांनी, फुकट मिळतंय," असं सर स्वतःच वर्गाला म्हणाले होते. सेन्यानेही केली. मग फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तिने प्रयोगाचा एकही अहवाल दिला नाही. वेळेवर यायची, बसायची, घंटा झाली की जायची. सरांनी घरची चौकशी केली. बाप बर्फ हटवणारी गाडी चालवायचा, आई मार्लिस किराणा दुकानाच्या भट्टीवर पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजायची. घरात दारू नव्हती, भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. वर्षअखेरीस सरांनी बेरीज केली आणि तिला डी दिला. म्हणजे काठावर पास.

विद्यापीठातली पहिली दोन वर्षंही तशीच गेली. एका विषयात ती नापास झाली, तो पुन्हा दिला. बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन ती गावी परतली आणि वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली. तिथे सरांची आई होती. नव्वदीची म्हातारी, जिभेला धार. ती म्हणायची, "ही पोरगी बरी. 'आज कसं वाटतंय आपल्याला' असं गाणं म्हणत येत नाही. कूस बदलते अन् जाते."

क्विंबीला डॉक्टर नव्हता. पन्नास मैलांवरून एक जण मंगळवारी येई, रस्ता बंद असला तर तोही नाही. दोन वर्षं मंगळवारची वाट पाहणारी माणसं बघून एके दिवशी सेन्या आईला म्हणाली, "मी डॉक्टर होईन म्हणते." मार्लिसने नंतर सरांना सांगितलं, "गाडीचे टायर बदलायला हवेत म्हणावं, त्या सुरात म्हणाली हो!"

त्यानंतरची तीन वर्षं तिने संध्याकाळच्या वर्गांना जाऊन विज्ञानाचे विषय केले. प्रत्येकात ए. प्रवेशपरीक्षेतही चांगले गुण पडले. कॉलेजच्या सल्लागार बाई तिला म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या कशाचा विचार केलायस का?" सेन्या म्हणाली, "नाही." संभाषण तिथेच संपलं.

तिच्या हिशेबाने चारपैकी सरासरी भरत होती तीन पूर्णांक शून्य एक. तीनच्या खालचे अर्ज बऱ्याच मेडिकल कॉलेजांत माणसाच्या हातात जातच नाहीत. यंत्रच ते बाजूला काढतं. ती त्या रेषेच्या केसभर वर होती. पण अर्ज जिथून सगळीकडे जातात त्या कचेरीने जन्मापासूनचे सगळे विषय मोजले आणि आकडा पाठवला, दोन पूर्णांक शहाण्णव. फरक होता चार क्रेडिटचा. सोळाव्या वर्षीचं लाहटी सरांचं रसायनशास्त्र ती पार विसरून गेली होती.

शनिवारी दुपारी मार्लिस सरांच्या दारात उभी राहिली. बूट काढले, गरम पास्टींचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि बसायच्या आधीच बोलायला लागली.

"सर, तुमची वही असेल ना अजून? कुठंतरी बेरीज चुकली असेल. बघा तरी."

"माझी बेरीज चुकत नाही, मार्लिस."

"मला माहीत नाही होय? मीपण तुमच्याच वर्गात होते. मला सी दिलात, त्याचं काही म्हणणं नाही. पास्टी भाजायला सी पुरतो. पण हिचं आयुष्य अडलंय. अकरा वर्षांपूर्वीचा एक डी! आणि खूण करायला कुणी लावली पोरीला?"

तो आकडा गावात कळल्यापासून सरही रात्रंदिवस त्याच खुणेचा विचार करत होते. दुरुस्तीचा एक कागद भरायचा, बस. मुख्याध्यापक त्यांचाच विद्यार्थी होता, न वाचता सही केली असती त्याने. आयुष्यात त्यांनी एकदाही मार्क बदलले नव्हते असं गावात सगळे म्हणत, आणि सरही ते खोडून काढत नसत.

ते तळघरात गेले. जुन्या वह्यांच्या खोक्यातून ते वर्ष काढलं आणि वर आले, तोवर सेन्या आईला न्यायला येऊन दाराशी उभी होती. सरांनी चष्मा लावला, बोट ओळीवर फिरवलं आणि ते खुर्चीत बसले.

"काय झालं?" मार्लिस म्हणाली.

"चुकलंय," सर म्हणाले. "एकोणसाठ पूर्णांक चार होते. साठला पास. मी साठ लिहिलेत."

मार्लिसला समजायला एक क्षण लागला. "म्हणजे?"

"म्हणजे मी नापास होते," सेन्या म्हणाली.

"आई गं! मिटवा ती वही सर, मिटवा!" मार्लिस म्हणाली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळ्यांना रुमाल लावला.

सर सेन्याकडे बघत होते. "एकदा तुझ्यासाठी आकडा वर ओढलाच आहे मी," ते म्हणाले. "पुन्हा ओढता येईल. मला लाज वाटेल, पण करीन. तू सांग."

सेन्याने वहीतली ती ओळ वाचली. "नको, सर. ते अहवाल मी दिले नव्हते."

तिच्या आवाजात ना राग होता, ना मोठेपणा. पास्टी नको म्हणावं तसं ती नको म्हणाली. सरांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी पेन्सिल घेतली. पाकिटाच्या पाठीवर मांडून पाहिलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

"आणखी आठ क्रेडिट. दोन विषय. दोन्हीत ए मिळाला तर तीनच्या वर जातेस. जेमतेम. पण वर्ष जाईल."

"बरं," सेन्या म्हणाली.

"बरं काय, बरं!" मार्लिस उसळली. "रड तरी गं बाई एकदा! माणसासारखी रड, आदळआपट कर!"

"येत नाहीये, आई," सेन्या म्हणाली आणि आईचे बूट तिच्यापुढे सरळ करून ठेवले.

तिने दोन्ही विषय केले. कागदावर तीन पूर्णांक शून्य एक आलं. पुढल्या उन्हाळ्यात चौदा ठिकाणी अर्ज गेले. अकरा ठिकाणांहून नकार आला, दोन ठिकाणांहून काहीच आलं नाही, एकाने मुलाखतीला बोलावलं. तिथे विचारणार हे उघड होतं की त्या वर्षांत झालं काय. सरांनी स्वयंपाकघरात बसवून तिची तयारी घेतली. "अशा वेळी लोक काहीतरी सांगतात," ते म्हणाले. "कुणी वारलेलं असतं, कुणी आजारी असतं. तुझंही काहीतरी असेलच ना गं?"

"मी पुष्कळ शोधलं, सर. सापडत नाही."

मुलाखतीत तिने तेच सांगितलं. काही झालं नव्हतं. मी तिथे असायचे, एवढंच. समोरच्या बाईंनी बराच वेळ लिहून घेतलं. नंतर पत्र आलं, प्रतीक्षायादीत नाव. मार्च गेला, एप्रिल गेला, मे-जूनही गेले. मार्लिसने त्या काळात दुकानात दोनदा भट्टीतल्या पास्टी करपवल्या.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला तेव्हा सेन्या एका म्हाताऱ्याला जेवण भरवत होती. तिने फोन खिशातच वाजू दिला, उरलेलं बटाट्याचं सूप संपवलं, त्याचं तोंड पुसलं आणि मग बाहेर जाऊन उलट फोन लावला. कुणीतरी जागा सोडली होती.

संध्याकाळी ती सरांच्या दाराशी आली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. हात गारच होता.

"आनंद झाला ना गं तुला?"

"झाला असेल, सर," ती म्हणाली. "कळेल हळूहळू."

सर तिला दर महिन्याला पत्र लिहितात. ती चार ओळींत उत्तर देते. सेन्या आता एकतीस वर्षांची आहे, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला. सध्या सहा आठवडे शस्त्रक्रिया विभागात आहे आणि पहाटे सव्वाचारला उठते.