मूठभर मीठ

"मीठ टाकलंस तू बर्फात? खरं बोल, ॲम्ब्रोज!"

"मूठभर गो! तेवढ्यानं काय होतंय?"

"काय होतंय? पानांच्या कडा बघ. इस्त्रीनं भाजल्यासारख्या झाल्यात!"

"अगं, मीठ घातलं की बर्फ आणखी गार पडतो. आमची पापलेटं कशी ताठ राहतात..."

"हे पापलेट आहे? सांग, खवलं दिसली तुला याला?"

मरोळ गावठाणातल्या अंगणात एव्हलिन आणि तिच्या भावाची सकाळीच जुंपली होती. दोघांच्या मध्ये मासळीचं थर्माकोलचं खोकं, खोक्यात कुंडी आणि कुंडीत गुडघाभर उंचीचं पिओनीचं झाड. लेक जॅकलिननं ते सिमल्याकडच्या नर्सरीतून मांडीवर सांभाळत आणलं होतं. थाळीएवढं फूल येतं म्हणे, पण थंडीत गाढ झोपल्याशिवाय झाड कळी धरत नाही. आणि मुंबईत थंडी कुठली? इथं स्वेटर घालतात तो फोटोपुरता.

"एव्हलिनमावशी, त्याला एसी लाव," गावठाणातली पोरं चिडवायची.

"लावीन. बिल तुझ्या बापाला पाठवीन," ती म्हणायची.

औषधाच्या कारखान्यात उभं आयुष्य पॅकिंग करून निवृत्त झालेली ही बाई. कोणाकडची मरायला टेकलेली कुंडी तिच्या ओट्यावर आली की महिन्याभरात ओळखू यायची नाही. झाड आपल्याला नाही म्हणेल, हे तिला पटतच नसे. म्हणून तिनं ॲम्ब्रोजला कामाला लावलं. तो खारदांड्याला जावई म्हणून गेलेला, बायकोचा मासळीचा धंदा सांभाळणारा. दर थंडीत तो स्कूटरवरून बर्फ आणायचा, झाडाला शिव्या घालायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. एव्हलिन कुंडीभोवती बर्फ रचायची, थोडा मातीवरही पसरायची. अशा कैक थंड्या कोरड्या गेल्या. यंदा मात्र शेंड्यावर सुपारीएवढी कळी आली होती. पहिलीच. हे फूल गावठाणाच्या क्रुसापुढं ठेवायचं, असं तिनं साऱ्या आळीला सांगून ठेवलं होतं.

"कळी बघून वाटलं, आता जरा जोर लावावा," ॲम्ब्रोज पुटपुटला. "म्हणून मीठ टाकलं, रोज मूठभर, आठवडाभर. तुझ्यासाठीच ना?"

एव्हलिननं कुंडीखाली ठिबकणारं पाणी बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

"समुद्र आहे समुद्र! उभा काय राहिलास? पाइप आण."

तिनं कुंडी खोक्यातून उचलून ओट्यावर ठेवली आणि पाणी सोडलं. कुंडी भरायची, पाणी खालून निथळायचं, ती चाखायची. "अजून खारट." पुन्हा पाणी. "अजून." ॲम्ब्रोज पाइप धरून उभा. शेवटी तिनं चाखलं आणि मान डोलावली.

मग कमरेची कात्री काढून तिनं कळीचा देठ दोन बोटांत धरला.

"ए, ए! वेड लागलं काय तुला? एवढी वर्षं जिची वाट बघितलीस..."

"झाड जखमी आहे. फुलायचं आणि जगायचं, दोन्ही नाही जमणार त्याला."

"मग आळीला काय सांगशील? हसतील सगळे."

"हसू देत. दात दाखवायला थोडेच पैसे पडतात?"

कच्चकन आवाज झाला. ॲम्ब्रोजनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा कळी त्याच्या शर्टाच्या खिशात होती, हिरवी आणि घट्ट मिटलेली.

"घे. खाल्ल्या मिठाला जागलं नाही बघ," एव्हलिन म्हणाली. ती हसत होती, पण बोटं अजून देठाजवळच घुटमळत होती. "मूळ शाबूत आहे. पुढच्या थंडीत एक सोडून दोन कळ्या धरेल, तू लिहून घे. फक्त बर्फ गोड्या पाण्याचा हवा, वर काही नको. आणशील ना?"

ॲम्ब्रोजनं रिकामं खोकं उचललं आणि नळाखाली धरलं. साबण लावून आतून घासलं, कोपऱ्यांत बोटं घालून खळबळलं. मग एक बोट आतून फिरवून त्यानं ते जिभेला लावलं.

"अरे, मी काय विचारतेय?"

त्यानं खोकं स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं, खिशातली कळी चेंगरू नये म्हणून तिच्यावर तळवा धरला आणि स्कूटर एका हातानं ढकलत फाटकाबाहेर निघून गेला.