शेवंताकाकूच्या विहिरीचं पाणी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

सौंसरजवळच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात मी कामाला आहे. सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर. विजेचा खर्च नको म्हणून मॅनेजर मशीन बंद ठेवायला लावायचा. तपासणी असली की चालू. एरवी सगळं रंगाचं पाणी मागच्या नाल्यात. कोण सोडायचं? मीच.

नाल्याकाठी शेवंताकाकूचा संत्र्याचा बगीचा. नात्यातली नाही, शेजारची; पण माझी आई गेल्यावर मी तिच्याच चुलीपुढे जेवलो. तिच्या विहिरीला वास यायला लागला. तिनं तक्रार केली, आणि प्रदूषण खात्याचे साहेब आले. त्याआधीच मी मशीन चालू केली होती. नाला नितळ दिसत होता.

विहिरीपाशी गाव जमलं. काकू म्हणाली, “साहेब, ढोरंबी या पाण्याले तोंड नाही लावत.”

साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं माझ्याकडे — मी याच गावचा ना!

मी बादली ओढली, ग्लास भरला, सगळ्यांसमोर पिऊन टाकला. म्हणालो, “आम्ही रोज हेच पेतो, साहेब. काही नाही होत.”

रोज? माझ्या घरी तर कधीचं कॅनचं पाणी येत होतं. नंतर प्लांटमागे जाऊन मी ओकलो.

साहेबांची गाडी गेली. लोक काकूला हसले. मला वाटलं, आता ही शिव्या देईल. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “तू पेला नं रे बाबू, मंग मले कायचं भेव? मीच उगीच भिऊन राहिली होती.”

आणि ती परत तेच पाणी भरू लागली. मी घरातून पाहायचो. एक शब्द सांगायला काय लागत होतं?

आधी अंगावर चट्टे, मग पोट, मग नागपूरच्या चकरा. पाण्यानंच झालं का — डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काकू आता नाही.

जायच्या थोडं आधी सुनेनं विहिरीचं नाव काढलं, तर काकूच तिच्यावर ओरडली, “आपला पोरगा खोटं बोलते का?” मी तिथंच, खाटेजवळ बसलो होतो. मग काकूनं पाणी मागितलं. मी उठलो, तिच्याच माठातलं घेतलं, आणि तिला पाजलं.