यादीतलं राहिलेलं नाव

केडगावातल्या निम्म्या लग्नांना वाल्मिकचाच मंडप असायचा. आता धंदा पार बसला होता. नगरात वकील गाठला तर गावभर बोभाटा होईल, म्हणून हा शहाणा एसटीने थेट संगमनेरला आला.

धनश्री वकीलबाईंनी कागद चाळले. "नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज तुमच्या नगरच्याच कोर्टात करावा लागेल. ज्यांचं देणं आहे त्या प्रत्येकाला नोटीस जाईल, पेपरातही छापून येईल."

वाल्मिकची तोंड लपवायची सगळी धडपड पाण्यात!

"देण्यांची यादी पुरी आहे ना? एक जरी नाव लपवलंत, तर मी केस घेणार नाही."

एक नाव त्याने मुद्दाम गाळलं होतं. व्याही रंगनाथराव. त्यांच्याकडून पैसे हातउसने घेतले होते, लिखापढी काहीच नाही. पोरीच्या सासऱ्याला कोर्टाची नोटीस?

"बाई, तेवढं एक नाव सोडा. माझी लेक हाय त्या घरात."

"नाही."

त्याने नाव लिहिलं, वकीलपत्रावर सही केली. नोटिशीआधी आपणच सांगावं म्हणून जिन्यात येऊन व्याह्यांना फोन लावला.

उचलला लेकीने. "आण्णा! आत्ताच मामंजी पाव्हन्यांना सांगत हुते, माझा व्याही मानूस लई सरळ. देऊ का त्यांना?"