वैकुंठधामाचं कुलूप

राग हे पाप आहे की नाही, यावर आमच्या पाळकांच्या बैठकीत चहाबरोबर बरीच चर्चा होते. मला विचाराल तर ज्याला कधी प्रेत घेऊन कुलूपबंद फाटकापुढे उभं राहावं लागलं नाही, त्याने या चर्चेत बेतानं बोलावं. मी उभा राहिलो आहे. त्या दिवशी माझ्याजवळ श्रद्धा किती होती, ठाऊक नाही. राग भरपूर होता.

निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या एका गावात आमची थोडी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. सगळी दलित वस्तीतली, दुसऱ्याच्या रानात राबणारी. त्यांतली गोदाबाई ऐन उन्हाळ्यात एका सकाळी गेली. आमची माणसं पूर्वापार ओढ्याकाठच्या पडीक जागेत पुरली जात. मध्यंतरी ती जागा सपाट झाली. वर फरशी, पत्र्याची शेड आणि एक कमान उभी राहिली. कमानीवर ‘वैकुंठधाम’ ही अक्षरं आणि त्यांच्याहून मोठा सरपंचांचा हसरा फोटो. स्मशानाच्या दारावर स्वतःचं हसू लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. खाली लोखंडी फाटक आणि त्याला कुलूप.

सरपंच आले. दर नाताळला ते आमच्याकडे येऊन केक खातात आणि सर्वधर्मसमभावावर बोलतात. त्यामुळे आवाजात जिव्हाळा होता.

“फादर, तुमच्यावर आमचा लई जीव हाय,” ते म्हणाले. मी फादर नाही, साधा पाळक आहे. पण हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलंय. “पण हितं जाळत्यात. पुरलेलं माणूस गावाला बाधतं. तुमी बी जाळा की. लाकडं माझ्याकडून!”

गोदाबाईची मुलगी मथुरा बाजेच्या उशाशी बसून आईच्या तोंडावरच्या माशा वारत होती. मान वर न करता ती म्हणाली, “आमची जुनी माणसं ह्या फरशीखाली हायती. त्यायला बी उकरून जाळता का?”

मी लातूरला आमच्या वरिष्ठांना फोन लावला. तिकडे कसल्याशा महोत्सवाचा मांडव उभा राहत असावा. मागे कुणीतरी माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करत होतं. “इकडे घेऊन या,” ते म्हणाले. “आपल्या दफनभूमीत जागा आहे. वाद नको. आपण शांतीची माणसं.” मी निरोप सांगितला. मथुरा उसळलीच. “जित्तेपणी गावानं येशीभाईर ठेवलं. आता मेल्यावर तुमी तालुक्याभाईर काढता व्हय? माय हितं राबली, हितंच ऱ्हाईल.”

ऊन चढत होतं, बाजेवर प्रेताभोवती ठेवलेला बर्फ वितळत होता. मी फाटकाच्या गजांना धरून प्रार्थना केली. ती कुठल्याही उपासनेत म्हणण्याजोगी नव्हती. प्रभू, मला आज शांती देऊ नकोस, ती मांडववाल्यांना दे. मला हे कुलूप उघडून दे, आणि ते जमत नसेल तर ते फोडायला एक धोंडा तरी दे. कुलूप जागचं हाललं नाही.

पलीकडे चिंचेखाली एक म्हातारे शेतकरी मघापासून उभे होते. कपाळावर भस्माचे पट्टे, काखेत छत्री. सगळे त्यांना अप्पा म्हणत. माझी ओळख नव्हती. ते सावकाश सरपंचांपुढे आले.

“पुरलेलं गावाला बाधतं म्हणलास?”

“म्हणजे अप्पा, लोकं म्हणत्यात...”

“आमी लिंगायत. माझा बाप पुरलाय, बायकू पुरलीय, त्या रानात. कुनाला बाधली रे?”

“तुमचं येगळं हाय, अप्पा.”

“माती येगळी हाय का?”

सरपंचांनी खिशातून फोन काढून कानाला लावला. तो वाजला नव्हता.

अप्पा माझ्याकडे वळले. “स्वामी, तुमची पार्थना उरका. पोरं खड्डा काढत्याली. माझ्या बायकूच्या शेजारी जागा हाय.”

सूर्य कलताना आम्ही बाज घेऊन त्यांच्या रानात पोचलो आणि थबकलो. अप्पांच्या पुतण्यांनी मन लावून खणलं होतं: चौकोनी, पुरुषभर खोल, विहिरीसारखं सरळ. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात.

“अप्पा,” मी म्हणालो, “आमच्यात झोपवतात.”

अप्पांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग बाजेकडे. “आरं शिवा! आमी तर बसायचा केला.”

आणि मथुरा हसली. हसता हसता रडायला लागली. “जलमभर मायला कुनी बस म्हणलं न्हाई, अप्पा. तुमी तर खोलीच बांधली.”

छत्री बांधावर ठेवून अप्पा स्वतः खाली उतरले. मग त्यांचे पुतणे, आमची माणसं आणि मी. अर्धा खड्डा बुजवायचा, उरलेला लांबवायचा, असं ते काम होतं. एकच खोरं या हातातून त्या हातात जात होतं, आणि तिथे कोण कुणाला शिवतंय हे पाहायला कुणाला सवड नव्हती. दिवस मावळायच्या आत गोदाबाई मातीत निजली. मी वचन वाचलं. अप्पा सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या इष्टलिंगावर हात धरून उभे होते.

आमच्या प्रभूलाही पुरायला स्वतःची जागा नव्हती. दुसऱ्याने आपली दिली, हे मी दर गुड फ्रायडेला सांगत आलो. ऐकणाऱ्यांत मी नव्हतो, एवढंच. कुलूप उघड म्हणून मी ओरडत होतो तेव्हा तो चिंचेखाली उभा होता, काखेत छत्री घेऊन. आता मदत कशी आणि कुणाकरवी पाठवायची, हे मी त्याच्यावर सोपवतो आणि त्याचे उपकार मानतो. राग मात्र सोपवलेला नाही. कृपा झाली म्हणून अन्याय फिटत नाही. फाटकाला अजून कुलूप आहे आणि फरशीखाली आमची माणसं आहेत.

त्या जागेसाठी मथुरा आणि मी तहसीलच्या फेऱ्या मारतो. साहेब कागदातून मान वर काढत नाहीत. गेल्या खेपेला अप्पाही आले. त्यांनी साहेबांपुढची खुर्ची आवाज करत मागे ओढली आणि मथुरेला म्हणाले, “बस, माय.”