पन्नास चौरस मीटर धान

वामनराव मेश्रामांना वाघाची भीती वाटायची. सिंदेवाही तालुक्यात तीस वर्षं कृषी सहायक राहिलेला माणूस असं बोलतो म्हटल्यावर नवीन पोरं तोंड फिरवून हसत. आठ वर्षांचे असताना ते आईसोबत मोहफुलं वेचायला गेले होते. पलीकडच्या झाडाखाली शेजारची बाई वाकून वेचत होती, आईशी बोलत होती. बोलता बोलता गप्प झाली. आईनं वर पाहिलं, तर टोपली होती आणि बाई नव्हती. तेव्हापासून वाकलेला माणूस दिसला की त्यांच्या पाठीला मुंग्या येत. आणि नोकरी मिळाली ती धानाच्या मुलखात, जिथं रोवणीपासून कापणीपर्यंत अख्खं गाव वाकलेलंच असतं.

त्यांच्या कामातलं सगळ्यात नेमकं काम म्हणजे पीक कापणीचा प्रयोग. कोणत्या गावातला कोणता गट, म्हणजे कोणतं शेत, हे चिठ्ठी काढल्यासारखं वरून ठरून येतं. त्या गटात किती पावलं आत जायचं, तेही आकडेच सांगतात. तिथं दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोन आखायचा, त्यातलं धान कापायचं, झोडायचं, तोलायचं आणि मोबाइलमध्ये भरायचं. नागपूरच्या एका प्रशिक्षणात मॅडमनी पडद्यावर देशांची यादी दाखवली होती. भाताखाली सगळ्यात जास्त जमीन आपली, पण हेक्टरी उतारा बघितला तर चीनच्या सत्तर क्विंटलांपुढे आपण चाळीस-बेचाळीसवर. वामनरावांनी हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, हे आपले बेचाळीस तोलले कोणी?"

"तुम्हीच की," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारख्या हजारो लोकांनी."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ते छाती काढून बसले होते.

म्हणूनच मागच्या वर्षीची गोष्ट त्यांना आतून खात होती. पळसटोल्याच्या ठमाबाई गेडामांचा गट निघाला होता. आकड्यांनी दाखवलेली जागा पार रानाला लागून, शेवटच्या बांधीत, बांध घातलेल्या वाफ्यात. पाऊस ऐन वेळी रुसल्यानं तिथलं धान पोचट राहिलेलं. आदल्याच दिवशी तिथल्या बांधावर वाघाचे ठसे दिसले होते. वामनराव सडकेवरून पुढे गेलेच नाहीत. त्याच गटातली सडकेकडची बांधी, बोडीच्या तळ्याच्या पाण्यावर पोसलेली, तिच्यात त्यांनी चौकोन आखला. फोटो निघाला, नकाशावरचा ठिपकाही त्याच गटात पडला. वजन भरलं वीस किलो. आसपासच्या गावांच्या मंडळाच्या सरासरीत तो आकडा गेला, पीक चांगलं असा शेरा बसला आणि गावाचा पीकविमा नाकारला गेला.

ठमाबाई भांडायला आल्या नाहीत. बाजारात भेटल्यावर एवढंच म्हणाल्या, "साहेब, माह्या बांध्या पाच. तुमाले एकच काऊन दिसली?"

यंदा पळसटोल्यातच देवाजीचा गट निघाला. देवाजी गावचा कोतवाल. त्याचीही जमीन रानाला भिडलेली. आणि तीनच आठवड्यांपूर्वी त्याच शिवारात गवत कापणारा एक माणूस वाघानं नेला होता. कापायला बाया मिळेनात. "आमची पोरं पोसाची हायेत, साहेब," म्हणून एकेकीनं दार लावलं. शेवटी ठमाबाई विळा घेऊन पुढे आल्या.

"मी येतो," त्या म्हणाल्या. "पन खरी जागा घ्यान तं."

अकराच्या उन्हात तिघं निघाले. देवाजीच्या गळ्यात तेलाचा रिकामा डबा होता. काठीनं तो बडवत तो पुढे चालला. पावलं मोजत ते आत गेले आणि आकड्यांनी आणून सोडलं ते थेट रानाच्या काठाला. खुंटी ठोकायची तर वाकावं लागतं. वामनरावांनी एक खुंटी ठोकली की मागे पाहिलं, दुसरी ठोकली की मागे पाहिलं. दोरीचा तीनदा गुंता झाला.

ठमाबाई उकिडव्या बसून कापू लागल्या. कापलेल्या धानाचा कडपा मागे पडत गेला. चौकोन अर्धा झाला असेल, तोच डब्याचा आवाज थांबला.

वामनरावांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजी शेजारच्या उभ्या धानाकडे पाहत होता. वाऱ्याचा पत्ता नव्हता आणि एका जागची लोंबं हलत होती. मग त्यांना तो दिसला. पिकल्या धानाच्या रंगाचा, पंधरा-वीस पावलांवर बसलेला. त्याची नजर ठमाबाईंच्या वाकलेल्या पाठीवर होती.

वामनरावांच्या मांड्यांवरून गरम काहीतरी वाहिलं, ते कळलं आणि त्याची लाजही वाटली नाही. दोन पावलं, एवढंच त्यांना चालता आलं. त्यांनी ठमाबाईंचा दंड धरला आणि ओढून उभं केलं.

"काय जी..." म्हणता म्हणता त्यांनाही दिसला.

"पळू नका," वामनराव पुटपुटले. "उभ्याच राहा."

तिघं एकमेकांना चिकटून उभे राहिले. किती वेळ, कोणालाच सांगता आलं नाही. देवाजीनं डब्यावर एक ठोका दिला, मग दुसरा. वाघ उठला. घाई नाही, गडबड नाही. त्यानं पाठ फिरवली आणि धानाला भांग पाडत रानात गेला.

ठमाबाई मटकन बांधाच्या धुऱ्यावर बसल्या. देवाजी म्हणाला, "चला साहेब, निघू इथून. अर्धं झालं ना? दुप्पट करून टाका."

वामनरावांच्या मनात नेमकं तेच आलं होतं. कोण विचारणार होतं? पण उरलेला अर्धा रानाकडचा होता, तुडतुड्याच्या किडीनं जाळलेला. दुप्पट केलं की पुन्हा खोटंच. विळा सावरत ठमाबाई उठू लागल्या.

वामनरावांनी तो काढून घेतला.

"देवाजी, गावातून माणसं बलाव, फोन कर. आन डबा थांबवू नको. ठमाबाई, तुमी उभ्या राहा. माह्या पाठीवर नजर ठेवा. मी कापतो."

आणि ते वाकले. मान खाली घातली तशी पाठ उघडी पडल्यासारखी झाली. प्रत्येक मुठीला वाटे, आता. विळा दोनदा बोटाला लागला, रक्त धानाला लागलं. वर पाहावंसं वाटे तेव्हा ते ठमाबाईंना विचारत, "हाये का काई?" आणि त्या सांगत, "नाई जी. कापा."

काठ्या घेऊन दहा-बारा माणसं पोचली तेव्हा शेवटची ओळ राहिली होती.

गावातल्या खळ्यावर झोडून तोललं. अकरा किलो चारशे. म्हणजे हेक्टरी तेवीस क्विंटलही नाही. देवाजीला ते कमीपणाचं वाटलं. "एवढंच?" तो म्हणाला. वामनरावांनी जेवढं होतं तेवढं भरलं.

त्यानंतर चार दिवस ते तापानं फणफणले. डोळे मिटले की ते धान हलायचं. बायको अर्ध्या झोपेतून उठून त्यांचा हात धरून बसायची. पाचव्या दिवशी त्यांनी कार्यालयात एक कागद दिला. मागच्या वर्षी जागा बदलली होती, असं स्वतःच्या अक्षरात लिहून. साहेबांनी तो दोनदा वाचला. "मेश्राम, नोकरीची दोन वर्षं उरली. कशाला?" असं विचारलं. मग रीतसर नोटीस निघाली आणि वेतनवाढ थांबली.

यंदा मंडळातले बाकीचे चौकोनही असेच हलके निघाले आणि पळसटोला विम्याच्या नुकसानीच्या यादीत आला. मागच्या वर्षीचं मात्र काही फिरलं नाही. तो आकडा केव्हाच जिल्ह्याच्या, राज्याच्या, देशाच्या बेरजेत जाऊन बसला होता.

हे सांगायला वामनराव ठमाबाईंच्या घरी गेले. आत बोलावतील की नाही, याची त्यांना धास्ती होती. ठमाबाईंनी सगळं ऐकलं. सुपातलं धान पाखडून झाल्यावर सूप खाली ठेवलं.

"त्या दिवशी तुमचा पॅन्ट मी पाह्यला," त्या म्हणाल्या. "गावात नाई सांगतलं कोनाले." आणि खाट पुढे ओढली. "बसा."