अर्थिंगचा कोरडा खड्डा

ती केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. लातूर जिल्हा नवा झाला होता, मी तिथं फौजदार होतो आणि पावसानं सलग दोन वर्षं तोंड फिरवलं होतं.

एका सकाळी नव्या कचेरीतल्या कारकुनाची बायको विजेच्या शेगडीवरचं पातेलं उतरवताना शॉक लागून गेली. अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुसऱ्याच दिवशी आमच्या हवालदाराला पानटपरीवर खबर लागली: त्या घराचं वायरिंग करणाऱ्यानं अर्थिंगची तांब्याची प्लेट पुरलीच नाही, परस्पर विकून खाल्ली. खबर देणाराही वायरमनच. एका धंद्यातली माणसं एकमेकांबद्दल चांगलं बोलत नाहीत, हे ठाऊक असूनही मी वायरिंग करणाऱ्या त्या मुदखेडच्या तरुणाला उचललं. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याचं लायसन्स गेलं असतं, तुरुंगही चुकला नसता.

चार तास दरडावलं. त्याचं एकच पालुपद. “खड्डा उकरून बघा साहेब. प्लेट न्हाई निघाली तर बेड्या घाला.”

पंचांसमोर अंगणातला खड्डा एका बाजूनं उकरला. प्लेट होती, तिच्याभोवती भरायचा कोळसा होता, तारही शाबूत होती. मग बाई गेली कशी? माझी मती गुंग झाली. सोबत आलेल्या विद्युत निरीक्षकांनी खड्ड्यातली मूठभर माती चोळली, ती पिठासारखी उडाली.

“ओल नसेल तर शेगडीत फुटलेला करंट जमिनीत उतरत नाही, हात लावणाऱ्याला धरतो,” ते म्हणाले. तीन पिनांचं सॉकेट बसवलं की झालं, असं मीही तोवर समजत होतो.

वायरमन खड्ड्यात उतरलेली नळी दाखवत मयत बाईच्या सासूकडं वळला. “मावशी, ह्या नळीतून खड्ड्यात रोज घागरभर पाणी घाला म्हणलो होतो की.”

“टँकर आठ दिवसांनी येतो लेकरा. माणसाला प्यायला न्हाई, मातीला कुठून पाजू? सून घालायची. मीच बंद केलं.”

निरीक्षकांनी सॉकेटमधल्या करंटच्या आणि अर्थिंगच्या भोकांत बल्बच्या दोन वायरी घातल्या. बल्ब जेमतेम मिणमिणला. म्हातारीनं आतून भरलेली घागर आणली आणि नळीत ओतली. पाणी मुरलं तसा बल्ब उजळत गेला. आम्ही सगळे डोळे विस्फारून बघत राहिलो. खरं सांगतो, मला त्या क्षणी आनंदच झाला. मग म्हातारीकडं लक्ष गेलं. ती रिकामी घागर धरून मटकन खाली बसली होती.

“घागरभरच लागत होतं व्हय?” तिनं विचारलं.

वायरमन सुटला, केस निकाली निघाली. खरं कसं शोधायचं ते खात्यानं मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी बल्ब लावण्याआधी म्हातारीला शेजारणीच्या घरी नेऊन बसवायला हवं होतं, एवढं साधं मला सुचलं नाही.